जावक क्रमांक नसलेला किनारा

कुणाचं गाण्यावर प्रेम असतं, कुणाचं खाण्यावर. आमच्या घरमालकांचं प्रेम जावक क्रमांकावर होतं. सरकारी कागदाच्या डोक्यावर, एका कोपऱ्यात, तिरप्या रेघा मारून जो आकडा घातलेला असतो तो. तो असला की कागद जिवंत, नसला की रद्दी. छत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी खात्यात काढली होती. खात्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे चांगली माणसंही असतील. निवृत्त होताना खुर्ची, पंखा आणि शिपाई त्यांना तिथेच सोडावा लागला. सवयी मात्र ते सगळ्या बांधून नेरूळला घेऊन आले. ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांच्याच खालच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू म्हणून मी राहत असे. त्यामुळे शिपायाची जागा फार दिवस रिकामी राहिली नाही.

रस्त्यातला कुठलाही बोर्ड ते उभे राहून, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यातलं ऐकायला नव्हे, त्यातली खोट काढायला. आमच्या सेक्टरच्या बागेत ‘फुले तोडू नयेत’ असा बोर्ड आहे. घरमालक रोज सकाळी बरोबर त्या बोर्डाखाली उभे राहून पिशवीभर जास्वंद तोडत. माळ्याने एकदा धीर करून हटकलं.

‘काका, बोर्ड बघा ना.’

‘बघितला. कोणी लावला?’

‘ऑफिसने लावला.’

‘कुठल्या ऑफिसने? खाली नाव आहे? सही आहे? जावक क्रमांक आहे?’

‘अहो, फुलं तोडू नका एवढंच म्हणतोय.’

‘हे तोंडी झालं. लेखी आहे का?’

माळी मान हलवत खत टाकायला निघून गेला. घरमालकांनी त्या दिवशी जरा जास्तच फुलं तोडली. देवाला चोरीची फुलं चालतात की नाही मला ठाऊक नाही, पण देवानेही त्यांना काही लेखी कळवलं नसावं.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘कृपया लिफ्टचा दरवाजा नीट लावावा’ असं लिहिलेलं होतं. ‘कृपया’ म्हटलं की ती विनंती झाली, आणि विनंती बंधनकारक नसते, हे कारण देऊन ते दरवाजा उघडा टाकून जात. पाचव्या मजल्यावरच्या आजी पिशव्या घेऊन खाली ताटकळत. त्यांनी एकदा फोनवर विचारलं तर घरमालक म्हणाले, तक्रार असल्यास दोन प्रतींत द्या.

दोन प्रतींचा अनुभव मलाही आला. त्यांच्या न्हाणीघरातून माझ्या न्हाणीघरात पाणी ठिबकायला लागलं. मी वर जाऊन सांगितलं. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि अर्ज आणायला सांगितला. आणला. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक रबरी शिक्का काढला, त्यावर ‘हाऽ’ करून तोंडाची वाफ सोडली, आणि माझ्या अर्जावर ‘प्राप्त’ असा ठोकला. हा शिक्का त्यांनी स्वतः बनवून घेतला होता. लग्नपत्रिका, दुधाचं बिल, नातवाने काढलेलं हत्तीचं चित्र, सगळ्यावर तो बसे. पंधरा दिवसांनी मी विचारलं तर म्हणाले, ‘टिप्पणी ठेवली आहे.’ कुणापुढे ठेवली, तर स्वतःपुढेच. खालचा मालक या नात्याने त्यांनी वरच्या मालकाला, म्हणजे पुन्हा स्वतःलाच, पत्र लिहिलं होतं आणि उत्तराची वाट बघत होते. तीन महिने मी डोक्यावर त्यांच्या अंघोळीचं पाणी घेत स्वतःची अंघोळ केली.

मी हे सहन का केलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आमचा करार अकरा महिन्यांचा असे. तो पुढे करायचा की नाही हे ते ठरवणार, आणि माझ्या मुलीची शाळा समोरच्याच गल्लीत. शिवाय मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो आणि मला मराठी टायपिंग येतं, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून बसलो होतो. त्यानंतर त्यांचा प्रत्येक अर्ज माझ्याच बोटांतून गेला. ते खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून सांगत. ‘सबब’ हा शब्द आला की डोळे उघडत, तो नीट उमटला का बघत, आणि पुन्हा मिटत.

तर या माणसाने निवृत्तीनंतर एक भलीमोठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. डोंगर चढणारी, नदी ओलांडणारी, नाकाजवळून छतापर्यंत एक काळं नळकांडं गेलेली. पाण्यात बुडाली तरी तिला श्वास घेता यावा म्हणून ते असतं म्हणे. मागे दोरखंड ओढायचं यंत्र, छतावर चार दिवे, कडेला अडकवलेलं फावडं. फावड्याचं प्लॅस्टिक त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. गाडी इतकी उंच होती की त्यांना चढता येत नसे, म्हणून मागच्या सीटवर न्हाणीघरातलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल असे. ते खाली ठेवायचं, त्यावर चढायचं, आत बसायचं, आणि मग खालून मी स्टूल उचलून आत द्यायचं. डोक्यावर शिकाऱ्यासारखी टोपी, तिची दोरी हनुवटीखाली घट्ट बांधलेली. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या गाडीत एकदाच बसल्या आणि उतरताना म्हणाल्या, ‘मी आपली बसने जाईन.’ मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

एवढी गाडी घेऊन हे पाम बीच रस्त्यावरून चाळीसच्या वेगाने जात आणि मागचे लोक हॉर्न वाजवून वेडे होत. चारही चाकं फिरवायची कुठे, हा प्रश्न होता. मग मोबाईलवर कुणीतरी समुद्राच्या वाळूवर गाडी गोल गोल फिरवतानाचा व्हिडिओ पाठवला. घरमालकांनी तो मला सात वेळा दाखवला. आणि एका रविवारी सकाळी खालून हॉर्न वाजला. मला साक्षीदार म्हणून यायचं होतं.

उरणच्या पुढे, एका कोळीवाड्याखाली तो किनारा आहे. सुरूची चार झाडं, उतरायला सिमेंटचा उतार, आणि उताराच्या तोंडाशी एक पत्र्याचा बोर्ड: ‘किनाऱ्यावर वाहन नेण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ बोर्डाशेजारी गावाने नेमलेला रखवालदार प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला. घरमालक स्टुलावरून उतरले, बोर्डासमोर उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘आदेशावरून. कुणाच्या?’

रखवालदार म्हणाला, ‘वरून हाय, साहेब.’

‘वरून म्हणजे? कलम? दिनांक? जावक क्रमांक?’

‘पोरं गाऱ्या फिरवतात, साहेब. मागं एकाची गारी पोरांच्या अंगावर आली. म्हनून लावलाय.’

‘हे तोंडी झालं,’ घरमालक म्हणाले. ‘आता मला सांगा, समुद्रकिनारा हा रस्ता आहे का? नाही. मग रस्त्याचे नियम त्याला लागू होतात का? नाही. भरती आणि ओहोटी यांच्यामधली जागा रोज दोनदा पाण्याखाली जाते. तिचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? आणा.’

रखवालदार माझ्याकडे बघू लागला. मी झाडाकडे बघू लागलो.

तेवढ्यात खालून, ओल्या वाळूवरून, एक तीनचाकी टेम्पो फटफटत वर आला. रंग उडालेला, दाराच्या जागी दोरी. एक तिशीतला माणूस चालवत होता आणि मागे मासळीच्या पाट्यांमध्ये एक म्हातारी कोळीण पाय पसरून बसली होती. बोर्डाच्या बाजूने टेम्पो रस्त्याला लागला. रखवालदाराने खुर्चीतून नुसता हात वर केला.

घरमालकांनी बोट दाखवलं. ‘हे वाहन नाही?’

म्हातारीनेच उत्तर दिलं. ‘ती आमची गारी हाय रं. म्हावरं आनतो.’

‘परवानगी आहे का?’

‘कनाची परवानगी? तीस वरसं डोकीवरून पाट्या आनल्या, गुडघं गेलं. मंग पोराने ह्यो टेम्पो घेतला. गावाला म्हाईत हाय, पोलिसांना म्हाईत हाय. समद्यांना म्हाईत हाय.’

ही म्हातारी म्हणजे मावशी. मी पुढे त्यांच्याकडून मासळी घेऊ लागलो आणि त्याही मला अरे-तुरे करू लागल्या. होड्या लागतात ती जागा उतारापासून बरीच लांब आहे. पाणी ओसरलं की मधे नुसती वाळू. ती वाळू कुठे घट्ट आणि कुठे पोकळ हे त्यांच्या मुलाला पाठ होतं. टेम्पो रोज त्याच एका पट्ट्यावरून जाई आणि येई. बोर्ड बाहेरून येणाऱ्या गाड्यांसाठी, आणि टेम्पो मासळीसाठी, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना कळत होतं तोवर सांगायची गरजही नव्हती. पण ज्याला लिहिल्याशिवाय काहीच कळत नाही असा एक माणूस तिथे मी स्वतःच्या हाताने स्टूल धरून उतरवला होता.

घरमालक त्या दिवशी वाळूवर गेलेच. आठ चकरा मारल्या. खेकड्यांची बिळं, पोरांनी बांधलेला किल्ला, वाळत टाकलेल्या जवळ्याची एक कड, सगळ्यावरून चाकांचे पट्टे उमटले. एक बाई जवळ्यातली वाळू निवडत शिव्या देत होती. त्या तोंडी असल्यामुळे घरमालकांनी मनावर घेतल्या नाहीत. नेरूळला आल्यावर सोसायटीच्या नळाला पाइप लावून त्यांनी तासभर गाडीचं पोट धुतलं. सोसायटीत त्या आठवड्यात पाणीकपात होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज. माहितीच्या अधिकारात. मी कीबोर्डवर बसलो, ते डोळे मिटून सांगू लागले. एक, सदर किनाऱ्यावर वाहन चालवण्यास मनाई आहे काय. दोन, असल्यास कोणत्या कलमाखाली. तीन, बोर्ड कोणाच्या आदेशाने लावला, आदेशाची प्रत मिळावी. आणि चार: त्याच किनाऱ्यावर मासळी वाहून नेणारा एक तीनचाकी टेम्पो दररोज ये-जा करतो, त्यास परवानगी आहे काय, असल्यास प्रत, नसल्यास काय कारवाई केली.

चौथ्या प्रश्नाशी माझी बोटं थांबली. ‘साहेब, तो राहू द्या ना. गरीब माणसं आहेत.’

त्यांनी डोळे उघडले. ‘मी कुठे त्यांच्या विरुद्ध आहे? मी फक्त विचारतोय.’ आणि मग, अगदी सहज, ‘तुमचा करार कधी संपतोय हो? पुढच्याच आठवड्यात ना?’

मी चौथा प्रश्न टाइप केला. शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही.

महिन्याभराने उत्तर आलं. ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.’ दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. घरमालक पेढे घेऊन माझ्या दारात आले. मनाईचा आदेश उपलब्ध नाही, म्हणजे मनाई नाही. मनाई नाही, म्हणजे परवानगी आहे. आणि या कागदाला जावक क्रमांक होता! त्यांनी तो लॅमिनेट करून गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवला. इतका मोठा, की डावीकडचं त्यांना अर्धं दिसेनासं झालं. पुढच्या रविवारी रखवालदाराने तो कागद वाचला, कुठल्या तरी कार्यालयाचा गोल शिक्का बघितला, आणि खुर्ची बाजूला घेतली. गोल शिक्क्यासमोर भले भले खुर्ची बाजूला घेतात, त्या बिचाऱ्याला काय बोलायचं?

त्यानंतर तीन रविवार त्यांनी तो किनारा नांगरला. चौथ्या रविवारी जे झालं त्याची मला आजही आठवण येते आणि मी आजही एकटा हसतो. हसू नये, पण हसतो.

त्या दिवशी ते पाण्याच्या कडेकडेने फार लांब गेले. गावातला ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे वर वाळू दिसते आणि खाली चिखल असतो. मावशींचा मुलगा टेम्पोतून ओरडून हात हलवत होता. घरमालकांनी त्यालाही हात हलवला. मग गाडी एकदम बसली. चारही चाकं फिरली, आणि चारही चाकांनी आपापला खड्डा खणला. छतावरचे दिवे लावून बघितले, भर सकाळी. काही उपयोग झाला नाही. फावडं प्लॅस्टिकमध्ये होतं.

मुलगा आणि चार-पाच कोळी दोरखंड घेऊन धावत आले. मागून मावशीही आल्या, लंगडत.

‘साहेब, उतरा खाली. पानी भरतंय. आताच ओढली तर निंगंल.’

घरमालक काच खाली करून म्हणाले, ‘थांबा. दोर कुठे बांधणार?’

‘फुरच्या बंपरला.’

‘बंपर तुटला तर? गाडी वॉरंटीमध्ये आहे. जबाबदारी कोण घेणार?’

‘अहो, पानी...’

‘लिहून द्या.’ ते माझ्याकडे वळले. ‘घ्या लिहून. आम्ही खाली सह्या करणार, वाहन बाहेर काढण्याच्या कामी, वाहनास कोणतीही इजा पोहोचल्यास... पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार.’

आणि मी, ज्याच्या बुटात खाली उतरताच चिखलाचं पाणी शिरलं होतं, मी बोनेटवर कागद ठेवून लिहायला लागलो. हे मी लपवत नाही. सवय झाली की हात आपोआप चालतो. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

‘कनाला लिवतंस रं? पानी वाचून थांबनार हाय का?’

पहिली लाट चाकाला लागली तेव्हा मी ‘वय’ इथपर्यंत आलो होतो. दुसरी कागद घेऊन गेली. घरमालक ओरडले, ‘दुसरी प्रत करा!’ तिसऱ्या लाटेला दोघा कोळ्यांनी त्यांना दारातून उचललं. मुलाने पाठीवर घेतलं आणि ते टोपीसकट, हनुवटीखालच्या दोरीसकट, गावकऱ्यांच्या देखत किनाऱ्यावर आणले गेले. निळं स्टूल तरंगत दूर निघून गेलं. पाठीवरूनही ते विचारत होते, ‘तुम्हाला पाठीवर घ्यायला कोणी सांगितलं?’ मुलगा हसत म्हणाला, ‘आयेनं.’

दुपारपर्यंत त्या गाडीचं नळकांडं तेवढं पाण्याबाहेर दिसत होतं. ती श्वास घेत होती की नाही मला माहीत नाही. पाणी ओसरल्यावर त्याच लोकांनी, त्याच दोरखंडाने, टेम्पो लावून आणि वीस माणसं जोडून ती बाहेर ओढली. आत बोटभर गाळ आणि दोन खेकडे. लॅमिनेट केलेला कागद मात्र कोरडा ठणठणीत होता.

त्या लोकांना ते धन्यवाद म्हणाले असतील, असं तुम्हाला वाटलं का? सोमवारी मला अर्ज टाइप करायला बोलावलं. विषय: बंपरला पडलेल्या चिरेबाबत. त्याबरोबर त्याच कार्यालयाला स्मरणपत्र क्रमांक एक: किनाऱ्यावर वाहनांबाबत स्पष्ट लेखी आदेश नसल्यामुळे अर्जदाराचे नुकसान झाले, सबब असा आदेश तात्काळ काढावा, तसेच चौथ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे. मग स्मरणपत्र क्रमांक दोन. मग तीन. प्रत्येकात टेम्पो होता. तिसऱ्या वेळी मी म्हणालो की हात दुखतोय. ते म्हणाले, बसतो मी, दुखायचा थांबेपर्यंत. बसले.

शेवटी त्या कार्यालयातल्या कुणीतरी हा माणूस एकदाचा गप्प व्हावा म्हणून आदेश काढला. मी त्यालाही दोष देत नाही; मी असतो तर कदाचित आधीच काढला असता. पत्र्याचा जुना बोर्ड गेला आणि दोन लोखंडी पायांवर नवा आला. कलम, दिनांक, सही, हुद्दा, आणि वरच्या कोपऱ्यात, ठळक, जावक क्रमांक. ‘कोणत्याही प्रकारचे, कोणत्याही कारणासाठी, कोणतेही वाहन. कोणताही अपवाद नाही.’

घरमालक तो बघायला भाड्याच्या गाडीतून आले, मला घेऊन. उभे राहून मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एकही खोट सापडली नाही. त्यांचे डोळे पाणावले. खोटं सांगत नाही, खरंच पाणावले. ‘याला म्हणतात आदेश,’ ते म्हणाले. ‘हे सगळं माझ्या पाठपुराव्याने झालं.’ आणि बोर्डाला हात लावून उभे राहिले आणि मला फोटो काढायला लावला. त्यांना गाडी किनाऱ्यावर न्यायचीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. नेऊ नका असं त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, एवढंच. एवढ्यासाठी या गृहस्थाने एक आख्खं गाव वेठीस धरलं होतं.

फोटो काढताना चौकटीत मागे टेम्पो आला. उतारापाशी, वाळूच्या अलीकडे, रिकामा उभा. रखवालदार मावशींच्या भावकीतला. तो खुर्चीतून उठून त्यांच्यासमोर खाली मान घालून उभा होता.

‘मावशे, आता लेखी आलंय. माजी नोकरी जाईल.’

मावशींनी टेम्पोतली रिकामी पाटी काढली, डोक्यावर घेतली, आणि खाली होड्यांकडे चालायला लागल्या. पाण्यातून एखाद्याला पाठीवर वाहून आणणारा मुलगा आपल्या आईला वाहनाने आणू शकत नव्हता. मी घरमालकांना म्हणालो, ‘बघितलंत?’ ते फोनवर फोटो मोठा करून जावक क्रमांक वाचता येतोय का बघत होते. ‘त्यांनी रीतसर अर्ज करावा,’ ते म्हणाले. ‘दोन प्रतींत.’

त्या टायपिंगवर पुढे झालेला अकरा महिन्यांचा करार संपला, तेव्हा मी नवा केला नाही. आता आम्ही घणसोली गावात राहतो, खोल्या लहान आहेत, मुलगी बसने शाळेत जाते. ही हिंमत मला चौथ्या प्रश्नाच्या वेळी झाली असती तर या लिखाणाला काही अर्थ होता. घरमालकांचं छान चाललंय असं ऐकतो. गाडी दुरुस्त झाली, आणि आता कुठल्याशा टेकडीवर जायच्या वाटेवरचा बोर्ड त्यांच्या नजरेत भरलाय.

मावशींच्या वतीने अर्ज मीच लिहिला. टेम्पोला परवानगी मिळावी, मासळीपुरती, ठरलेल्या पट्ट्यावरून, पाणी ओसरलेलं असताना. जीव तोडून लिहिला. त्यांचा अंगठा घेतला, दोन प्रती दिल्या, पोच घेतली. पत्ता माझा घातला होता, म्हणून उत्तर माझ्याकडे आलं. ते घेऊन मी गेल्या रविवारी किनाऱ्यावर गेलो. मुलगा नव्हता, तो आता कंटेनरच्या यार्डात कामाला जातो. टेम्पो सुरूखाली उभा होता आणि त्याच्या टपावर कुणीतरी जाळं वाळत घातलं होतं. मावशी लांब, होड्यांपाशी, दोन भरलेल्या पाट्या पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. एका वेळी एक, अशा दोन खेपा करायच्या होत्या.

‘काय लिवलंय? वाच.’

मी वाचलं. ‘सदर किनाऱ्यावर मासळी वाहतुकीसाठी यापूर्वी वाहनास परवानगी दिल्याची कोणतीही नोंद या कार्यालयात आढळून येत नाही. सबब आपली विनंती मान्य करता येत नाही.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे नाही.’

‘यवरा मोठा कागूद, आन नाय?’ त्यांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला आणि मला परत दिला. मग म्हणाल्या, ‘येक सांग. नवा बोर्ड लागाच्या आदी यवऱ्या लांबच्या हापिसात आमचा टेम्पो म्हाईत कसा परला? कोनी सांगलं?’

घरमालकांचं नाव माझ्या जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर खोटंही झालं नसतं. पण त्या बाईंच्या समोर उभं राहून मला ते नाव घ्यायची लाज वाटली.

‘पहिल्या अर्जात लिहिलं होतं, मावशी. मी लिहिलं.’

‘तू?’

‘त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. घर त्यांचं होतं.’

मावशींनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, गुडघ्यावर हात दाबून उभ्या राहिल्या.

‘मंग बगतोस काय? हात लाव.’

मी पाटीची कड धरली. पाटी वर जाता जाता माझे खांदे निखळायची वेळ आली, आणि त्या मात्र मान ताठ करून चालायला लागल्या. पाच-सहा पावलं गेल्यावर, वळून न बघता, त्यांनी दुसऱ्या पाटीकडे हात केला.

‘ती तू घे.’